अश्वत्थाम्याला अस्त्र कोणी दिलं?



आजचं वाचन : महाभारत, सौप्तिक पर्व.

हे पर्व बरेच जण भरभर उलटून पुढे जातात. युद्ध संपलंय, दुर्योधन मांडी मोडून पडलाय, आणि रात्री अश्वत्थामा झोपलेल्या छावणीत शिरतो. धृष्टद्युम्न, शिखंडी, द्रौपदीचे पाचही मुलगे मारले जातात. समोरासमोरची लढाई कुठेच नाही. ज्यांना उठून उभं राहायलाही वेळ मिळाला नाही, अशांची ही कत्तल.

आपण खान्देशची माणसं, आपल्याला अश्वत्थामा परका नाही. धनत्रयोदशीला तळोद्याहून अस्तंब्याच्या यात्रेला निघणारी पोरं तुम्ही पाहिली असतील. सातपुड्यात तो कपाळाच्या जखमेवर लावायला तेल मागत फिरतो, असं आपल्याकडची आजी सांगते. रावेर-बऱ्हाणपूरकडची माणसं सांगतात की असिरगडावरच्या शिवमंदिरात तो अजून येतो. पण मला आज जखमेच्या आधीचा प्रश्न विचारायचाय. एवढं मोठं अस्त्र त्याच्या हातात आलं कसं?

सौप्तिक पर्वातच श्रीकृष्ण ती मागची गोष्ट युधिष्ठिराला सांगतात. द्रोणांनी ब्रह्मशिर अस्त्र अर्जुनाला मनापासून दिलं. मुलाला ते बघवलं नाही, त्याने हट्ट धरला. द्रोणांना मुलाचा स्वभाव माहीत होता, तरी मन मारून त्यांनी दिलं. सोबत ताकीद दिली की कितीही संकट आलं तरी हे माणसांवर टाकायचं नाही. म्हणजे परवाना दिला, अटीही घातल्या, पण देताना ज्या एका गोष्टीकडे बघायचं तिच्याकडेच काणाडोळा केला. ती गोष्ट म्हणजे घेणाऱ्याचं मन.

पुढे हाच अश्वत्थामा द्वारकेला जातो आणि कृष्णाकडे सुदर्शन मागतो. देव म्हणतात, उचलता येत असेल तर घे. डाव्या हाताने बघतो, उजव्या हाताने बघतो, चक्र जागचं हलत नाही. मग देव विचारतात, हे घेऊन तू कोणाशी लढणार होतास? तो खरं सांगतो : तुमच्याशीच. आणि देव त्याला आठवण करून देतात की अर्जुनाने, बलरामाने, माझ्या स्वतःच्या मुलांनी हे कधी मागितलं नाही.

म्हणजे वडिलांनी जे विचारलं नाही, ते देवाने विचारलं. कशासाठी हवंय? कोणावर चालवणार?

आता आपल्या गावाकडे येऊ. 6 ऑक्टोबर 2019, रविवारची संध्याकाळ, भुसावळ. नगरसेवक रवींद्र खरात, त्यांचे भाऊ, दोन तरुण मुलं आणि आणखी एक तरुण अशा पाच जणांचा गोळ्या झाडून आणि चाकूने वार करून जीव घेतला गेला. पुन्हा 29 मे 2024 ला त्याच भुसावळमध्ये गाडीत बसलेल्या दोघांवर गोळीबार झाला, दोघंही गेले. त्यात एक माजी नगरसेवक होते. अमेरिकेतल्या शाळेत गोळीबार झाला की आपण म्हणतो, तिकडे बंदुका किराण्यासारख्या मिळतात बुवा. इकडे भुसावळ जंक्शनवर उतरल्यावर तेच वाक्य म्हणायला जीभ अडखळते.

भुसावळच्या घटनेनंतर दोन महिन्यांनी, डिसेंबर 2019 मध्ये, संसदेने 1959 चा शस्त्र कायदा कडक केला. त्याचा भुसावळशी थेट संबंध नव्हता, पण प्रश्न तोच होता. एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील, असं ठरलं. विनापरवाना बंदूक बाळगल्याची शिक्षा एक ते तीन वर्षं होती, ती दोन ते पाच वर्षं झाली. बेकायदा बनवणं-विकणं याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा. लग्नात, मिरवणुकीत हवेत गोळ्या झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

यावर दोन बाजूंनी वाद होतो आणि दोन्ही बाजू नीट ऐकण्यासारख्या आहेत. एक बाजू म्हणते, गुन्हेगार काय परवाना काढायला कलेक्टर ऑफिसला जातो? कायदा कडक केला की त्रास होतो तो रानडुकरापासून मका वाचवणाऱ्या शेतकऱ्याला. आपल्या भागात हे पटतंही. इथला प्रश्न परवान्यापेक्षा गावठी कट्ट्याचा जास्त आहे. चोपड्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातलं उमर्टी हे नाव पेपरात वारंवार येतं. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये तर थेट पुण्याचे पोलीस तिथे छापा घालायला गेले होते. पण एका गावाला नावं ठेवून आपण मोकळे होतो, ते बरोबर नाही. भट्टीत लोखंड तापवणारे हात गरिबीचे असतात, विकत घेणारा मात्र आपल्या शहरातला, आपल्या कॉलेजातला, आपल्या वॉट्सॲप ग्रुपमधला असतो. मागणी आपली आहे.

दुसरी बाजू म्हणते, परवान्याची बंदूकही कुठे सुरक्षित असते? 31 जुलै 2023 ला जयपूर-मुंबई गाडीत पालघरजवळ सरकारी रायफलीतून सुटलेल्या गोळ्यांनी चार जण गेले. आरोपी रेल्वे सुरक्षा दलाचाच जवान, मृतांत त्याचा वरिष्ठ. फेब्रुवारी 2024 मध्ये दहिसरला फेसबुक लाइव्ह चालू असताना अभिषेक घोसाळकरांची हत्या झाली, ते पिस्तूल अंगरक्षकाच्या नावावरच्या परवान्याचं होतं. मस्साजोगच्या संतोष देशमुखांच्या हत्येनंतर कळलं की एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेहून जास्त शस्त्र परवाने आहेत. मग ओरड झाली आणि शंभरहून जास्त परवाने रद्द झाले. मनात प्रश्न येतोच, देताना कोणी विचारलं होतं का, कशासाठी हवंय?

मला वाटतं, या वादाचं उत्तर आजच्या पर्वात एका माणसाकडे आहे. कृपाचार्य. अश्वत्थामा रात्री वडाखाली जागा असतो, घुबड झोपलेल्या कावळ्यांना मारताना बघतो आणि तिथेच ठरवतो. तेव्हा कृपाचार्य त्याला काय सांगतात? आज झोप. सकाळी मोठ्यांना विचारू, मग ठरवू. ते राग सोड म्हणत नाहीत, बदला विसर म्हणत नाहीत. फक्त एक रात्र मागतात. अश्वत्थामा ती रात्र देत नाही आणि पुढचं सगळं घडतं.

कडक कायदा म्हणजे समाजाने मागितलेली ती एक रात्र. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी पायऱ्या सांगितल्यात : विषयाचं चिंतन, मग ओढ, मग कामना, मग क्रोध, मग भ्रम, मग भान सुटणं, मग बुद्धीचा नाश. शेवटच्या पायरीवरच्या माणसाला प्रवचन ऐकू येत नाही. तिथे हाताशी बंदूक नसणं हीच देवाची कृपा. ऑस्ट्रेलियात 1996 साली पोर्ट आर्थरला 35 माणसं गेली, तेव्हा त्यांनी काही आठवड्यांत कायदा बदलला आणि सहा लाखांहून जास्त बंदुका लोकांकडून विकत घेऊन नष्ट केल्या. माणसं तिथलीही रागावतातच. राग आणि गोळी यांच्यातलं अंतर त्यांनी वाढवलं.

आमच्या धंद्यात लाइव्ह सिस्टीमवर डिलीट करायचा अधिकार सगळ्यांना देत नाहीत. कोणी वाईट आहे म्हणून नव्हे. रात्री दोन वाजता थकलेल्या माणसाचा हात चुकतो आणि गेलेलं परत आणता येत नाही म्हणून. अर्जुन आणि अश्वत्थामा यांच्यातला फरक हाच होता. दोघांनीही अस्त्र सोडलं. नारद आणि व्यास मधे उभे राहिले. अर्जुनाला परत घेता आलं, अश्वत्थाम्याला आलं नाही. मग त्याने ते वळवलं कुठे? उत्तरेच्या पोटातल्या बाळाकडे. सुटलेल्या शस्त्राचा शेवट नेहमी अशाच कोणावर होतो, ज्याचा भांडणाशी काही संबंध नसतो.

माझ्या मामेभावाचं शेताच्या बांधावरून शेजाऱ्याशी दोन वर्षं वाजत होतं. एकदा फोनवर म्हणाला, "दादा, एक वस्तू घेऊन ठेवतो, चालवायची नाही, नुसती धाकासाठी." मामा शेजारीच होते. त्यांनी फोन ओढून घेतला आणि एवढंच म्हणाले, "हातमा पुढे येस भो, डोकामा पहिले येस." त्यानंतर आम्ही काही मोठं केलं नाही. मी आठवडाभर रोज रात्री त्याला फोन केला. सरकारी मोजणीचा अर्ज भरला. मोजणी झाली, खुणा लागल्या. शेजाऱ्याशी आजही तो बोलत नाही. पण दोन्ही घरांतली पोरं एकाच रिक्षाने शाळेत जातात.

तुमच्यातल्या एकाने मागे विचारलं होतं, दादा, आपले सगळे देव तर शस्त्रधारी आहेत, दसऱ्याला आपण शस्त्रपूजा करतो, मग आपण का नाही ठेवायचं? चांगला प्रश्न आहे. देवाच्या हातात शस्त्र शोभतं, कारण तिथे भीती नाही आणि द्वेषही नाही. सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी सुरू होते तीच मुळी अभयापासून. आणि त्याच अध्यायात आसुरी माणूस कसा ओळखायचा? आज एका शत्रूला संपवलं, उद्या दुसऱ्यांना संपवीन, मीच समर्थ, हा त्याचा जप. कट्ट्यासोबत फोटो काढून स्टेटस ठेवणारा पोरगा निर्भय नसतो, घाबरलेला असतो. आणि ज्या विठोबाला आपण माउली म्हणतो, त्याच्या हातात शस्त्र नाहीच. हात कमरेवर आहेत. महाभारतातही कृष्ण शस्त्र न धरण्याचं ठरवून रथावर बसले.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. परवाना देताना द्रोणांसारखं डोळे मिटून देऊ नये, कृष्णासारखं विचारावं, आणि दर काही वर्षांनी पुन्हा विचारावं. बेकायदा कट्ट्याचा माग विकणाऱ्यापर्यंत आणि घेणाऱ्यापर्यंत, दोन्हीकडे जावा. पण कायदा येतो तो राग पेटल्यानंतरच्या पायरीवर. पहिल्या पायरीवर, जिथे मनात चिंतन चालू होतं, तिथे फक्त आपण आणि आपलं नाम असतं.

आपल्याच मुक्ताईनगरजवळ मेहूणला मुक्ताई अंतर्धान पावली, असं परंपरा सांगते. रागाने झोपडीची ताटी लावून बसलेल्या ज्ञानोबांना तिनेच समजावून बाहेर आणलं होतं. लहान बहिणीचं ऐकून ज्ञानेश्वरांनी दार उघडलं. प्रत्येक घरात अशी एक मुक्ताई असते. तिचं ऐकायला लागतं.

आज करायची गोष्ट : तुमच्या ओळखीत "सोडणार नाही त्याला" असं म्हणणारा कोणी असेल, तर आज रात्री त्याला फोन करा. उपदेश नको. जेवलास का विचारा, आणि सकाळपर्यंत थांब म्हणा.

उद्याचं वाचन : उत्तरेचं बाळ आणि परीक्षिताचा जन्म.

राम कृष्ण हरी.