आठवण आणि अधिकार

ग्रंथपालाची स्मरणशक्ती हा पुण्यात कौतुकाचा विषय आहे. १८४८ साली येथे ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ निघाली. तेच आजचे पुणे नगर वाचन मंदिर. कोणते पुस्तक कोणत्या कपाटात, हे तोंडपाठ असणारी माणसे या शहराला कधी कमी पडली नाहीत.

आता तशा माणसांना पन्नाशीत ‘कोहा’सारखी संगणकप्रणाली शिकावी लागते. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयाने ती करवून घेतली आणि २००० साली वापरात आणली. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट. तिला मोल पडत नाही. पण घेणाऱ्याला काही सोडावे लागते. मला वाटते, तो अधिकार सोडावा लागतो.

यादी एकाच्या डोक्यात असली, की वाचक त्याच्या मर्जीवर. ओळखीच्या माणसाला नवी कादंबरी हातोहात मिळते. बुजरा विद्यार्थी “बाहेर गेलंय” एवढे ऐकून परततो. यादी ऑनलाइन झाली, की तोच विद्यार्थी घरबसल्या पाहतो : पुस्तक जागेवर आहे! ‘प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक’ हे रंगनाथनांचे १९३१ मधले सूत्र येथे कसाला लागते. म्हणून विशीतल्या सहकाऱ्याला “ही कळ कशाची?” असे विचारण्यात मला, मास्तरालाही, कमीपणा दिसत नाही.

मग माणसाला काय उरले? यंत्र मागितलेले पुस्तक दाखविते. पण नापास झालेला मुलगा काय मागावे हेच न उमजून उभा असतो. त्याच्याकडे पाहायला ग्रंथपालाला आता सवड आहे. ती त्याने दिली नाही, तर शिकलेले सारे पाण्यात.