चाकरीच्या मुलाखतीत किती सांगावे?

खोटे बोलू नये, हे आपणा सर्वांस लहानपणापासून ठाऊक आहे. परंतु नोकरी मागावयास गेलेल्या मनुष्याने आपणाविषयी किती सांगावे, काय झाकून ठेवावे, आणि पढविलेले उत्तर दिले तर ते खोटे ठरते काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. काही काळापूर्वी तो आमच्यापुढे अशा रीतीने आला की, त्याची टोचणी अद्याप गेली नाही; म्हणून तो वाचकांपुढे मांडीत आहो.

आमच्या ओळखीचा एक तरुण खेड्यातून पुण्यास शिकावयास गेला. घरी जमीन थोडी व पाऊस बेभरवशाचा. तेव्हा खोलीचे भाडे व खाणावळीचे पैसे त्यास स्वतःच मिळवावे लागणार होते. बर्गर व तळलेले बटाटे विकणाऱ्या एका फास्ट फूडच्या दुकानात माणसे घेत आहेत असे त्यास कळले. मुलाखतीच्या दोन दिवस आधी तो गावी आला असता तयारीसाठी आम्हांकडे आला. आम्ही विचारणारे झालो, तो उत्तर देणारा झाला. "कोणत्या वेळी कामास येऊ शकाल?" असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "सकाळी वर्ग असतात, आणि परीक्षेच्या दिवसांत रात्री थांबता येणार नाही." त्यावर आम्ही म्हणालो, "बाबा, असे बोलशील तर दारातूनच परत येशील. कोणत्याही वेळी येईन, असे सांग. पुढचे पुढे पाहू."

त्याने तसेच सांगितले व त्यास काम मिळाले. पुढे परीक्षा आली, आणि एका शनिवारी रात्री तो आपल्या पाळीवर गेला नाही. जिची पाळी संपली होती त्या बाईस त्याच्या जागी आणखी चार तास काउंटरवर उभे राहावे लागले. तिचे तान्हे मूल घरी शेजारणीपाशी होते. दुसऱ्या दिवशी ती त्यास एवढेच म्हणाली, "येता येणार नव्हते, तर आधी सांगायचे होतेस." हे त्याने आम्हांस येऊन सांगितले. त्याने आम्हांस दोष दिला नाही. परंतु ते उत्तर कोणी पढविले होते, हे आम्हां दोघांसही ठाऊक होते.

आमची समजूत अशी होती की, ते लहानसे असत्य एका मोठ्या धंद्याच्या मालकास सांगितले जात आहे, आणि त्यास त्याचे काय ओझे! परंतु ते मालकापर्यंत पोहोचलेच नाही. ते वाटेतच एका गरीब मजुरीणबाईच्या खांद्यावर जाऊन बसले.

असे का घडते, हे समजण्यासाठी ह्या धंद्याची रीत ध्यानात घेतली पाहिजे. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतातील सॅन बर्नार्डिनो येथे मॅक्डोनाल्ड आडनावाच्या दोघा भावांचे उपाहारगृह होते. १९४८ साली त्यांनी ते काही काळ बंद ठेवून त्याची नवी मांडणी केली. पुष्कळ पदार्थ काढून टाकून नऊच ठेविले, आणि स्वयंपाकाचे काम लहान लहान भागांत वाटून दिले: एकाने मांस भाजावे, दुसऱ्याने पाव सजवावा, तिसऱ्याने बटाटे तळावे. हीच रीत पुढे जगभर पसरली. १९९६ साली त्या नावाची दुकाने भारतातही उघडली. ह्या रीतीत निष्णात आचारी लागत नाही. लागणारे काम थोड्या दिवसांत शिकविता येते. परंतु साखळीतील एक कडी जागेवर नसली की तिचा ताण लगेच शेजारच्या कडीवर पडतो. म्हणूनच अशा मुलाखतीत पाककलेपेक्षा वेळेचा, स्वच्छतेचा व स्वभावाचा प्रश्न अधिक विचारतात, आणि "केव्हा येऊ शकाल?" हा प्रश्न वरवरचा दिसला तरी तोच सर्वांत महत्त्वाचा असतो.

ह्यावरून आम्हांस एक कसोटी सापडली. ज्या गोष्टीचा भार दुसऱ्यावर पडणार, ती झाकू नये. ज्या गोष्टीचा भार केवळ आपणावर आहे, ती आपणापाशी ठेवण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे. बापाचे कर्ज किती, घरात भांडण काय, आपली जात कोणती, हे सांगण्यास कोणी बांधलेला नाही. तेथे मौन म्हणजे असत्य नव्हे. परंतु आपण कोणत्या वेळी येऊ शकत नाही, हे सांगितले पाहिजे. ज्यास रविवारी सकाळी उपासनेस जावयाचे आहे त्याने तेही तेव्हाच सांगावे. तसेच आजाराचे. २००६ च्या अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली जे नियम झाले, त्यांप्रमाणे अन्न हाताळणाऱ्याची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी लागते. ज्यास जुलाब होत आहेत किंवा हातावर पिकलेली जखम आहे, त्याने मजुरी बुडेल म्हणून ते लपविले, तर ज्या लेकराच्या ताटात ते अन्न जाईल त्याने काय अपराध केला?

मग पूर्वतयारी करूच नये काय? अवश्य करावी. स्वच्छ सदरा घालणे हे सोंग नव्हे. दुसऱ्याचा मुखवटा घालणे हे सोंग होय. आपल्या तरुणांनी दुकान आधी जाऊन पाहावे. एकदा निवांत वेळी व एकदा गर्दीच्या वेळी तेथे उभे राहावे, म्हणजे काम कसले आहे हे उमजेल. फरशी पुसणे, कचरा नेणे व संडास धुणे हीही त्यातच आली. ती करण्याची मनाची तयारी नसेल तर "सर्व कामे करीन" असे म्हणू नये. नखे कापावी, केस नीट बांधावे, कागदपत्रे जवळ ठेवावी. घरी परतण्याची शेवटची बस केव्हा आहे हे आधीच पाहून ठेवावे. पगार किती, साप्ताहिक सुटी कोणती, रात्री परतण्याची सोय काय, हे विनयाने पण स्पष्ट विचारावे. कारण खरे सांगण्याचे बंधन टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्यावरही तितकेच आहे.

"येथेच काम का हवे?" असे विचारल्यास कित्येकजण लहानपणापासूनच्या आवडीची कथा रचितात. तिची काय गरज आहे? "मला शिकावयाचे आहे, त्यासाठी पैसे हवे आहेत, आणि दिलेले काम मी मन लावून करीन," हे उत्तर खरे आहे व त्यात लाज नाही. "तुमच्यातील दोष कोणता?" ह्यावर "मी फार मेहनत करतो" असे सांगणे हे खोटे नाणे होय, आणि विचारणाऱ्याच्या हातून ते पूर्वी पुष्कळदा गेलेले असते. बोलण्यात घाई होते, हिशेबात गोंधळ होतो, असे काही खरे असेल ते सांगावे, आणि ते सुधारण्यासाठी काय करीत आहो तेही सांगावे. मात्र ते खरोखर करीत असावे. उत्तर पाठ करण्याने ते खोटे ठरत नाही. त्याप्रमाणे वागण्याचा विचारच नसेल तर मात्र ठरते.

कोणी म्हणेल, असे खरे बोलून नोकरी गेली तर? जाईलही. ती जाणार नाही असे आश्वासन आम्ही देऊ शकत नाही, आणि ज्याच्या घरी चूल थंड आहे त्यास उपदेश करणे सोपे असते हे आम्ही जाणतो. तरी एवढे म्हणतो की, नोकरी न मिळाल्याचे दुःख आपले असते, परंतु खोट्या शब्दावर मिळालेल्या नोकरीचे ओझे पुष्कळदा दुसराच वाहतो.

त्या तरुणाने पुढे व्यवस्थापकास आपल्या खऱ्या वेळा सांगितल्या. त्याचे तास कमी झाले व पगारही घटला. पण काम राहिले. त्या बाईची क्षमाही त्याने मागितली. आम्हांस मात्र तिची गाठ कधी पडली नाही. म्हणून वडीलधाऱ्यांस आमची विनंती आहे: मुले मुलाखतीस निघाली असता त्यांस काय बोलावे हे शिकविण्यापूर्वी, त्यांच्या बोलण्याचा भार कोणावर पडणार, हे आपण एकदा स्वतःस विचारावे. आम्ही ते त्या दिवशी विचारले नाही.