बावन्नाव्या रस्त्यावरचा पाचवा मजला

चित्रपट अभिनेत्री ग्रेटा गार्बोचे अखेरचे घर न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात, ४५० ईस्ट ५२वा रस्ता या पत्त्यावर होते. हा रस्ता पूर्वेकडे जात जात ईस्ट नदीच्या काठाशी संपतो. पुढे वाट नसल्याने वाहनांची वर्दळ नाही आणि ज्याचे तिथे काही काम नाही असा माणूस त्या टोकाला सहसा फिरकत नाही. तिथल्या ‘कॅम्पनिली’ या इमारतीत पाचव्या मजल्यावरचा सात खोल्यांचा फ्लॅट गार्बोने १९५३ मध्ये विकत घेतला. १५ एप्रिल १९९० रोजी, वयाच्या ८४व्या वर्षी ती वारली, तोवर ३७ वर्षे तिचा मुक्काम तिथेच होता. तिचा पहिला महत्त्वाचा चित्रपट १९२४ चा आणि शेवटचा १९४१ चा, म्हणजे पडद्यावर घालवलेल्या काळाच्या दुपटीहून अधिक वर्षे तिने या एका घरात काढली. तरीही तिच्याविषयीच्या बहुतेक लेखनात त्या १७ वर्षांचा तपशील पानोपानी येतो आणि या ३७ वर्षांची बोळवण होते ती जगाला विटलेली, दार लावून बसलेली बाई एवढ्या एका चित्रावर. हे चित्र दाराबाहेर उभ्या असलेल्यांनी काढलेले आहे. आतून ते घर बरेच वेगळे होते.

गार्बोचा जन्म १८ सप्टेंबर १९०५ चा, स्टॉकहोममधल्या सोडरमाल्म या तेव्हाच्या कष्टकरी वस्तीतला. आईवडील आणि तीन मुले अशी पाच माणसे एका लहानशा, गरम पाण्याची सोय नसलेल्या घरात राहत. वडील मजुरी करीत. १९२० मध्ये ते गेले तेव्हा ती १४ वर्षांची होती. आधी केशकर्तनालयात गिऱ्हाइकांच्या गालांना साबण लावण्याचे काम, मग ‘पब’ या मोठ्या दुकानात विक्रेतीची नोकरी, तिथून नाट्यशिक्षण, मॉरिट्स स्टिलर या दिग्दर्शकाची नजर आणि १९२५ मध्ये अमेरिका असा तिचा प्रवास झाला. हॉलिवूडमध्ये ती भाड्याची घरे वरचेवर बदलत राहिली, कारण पत्ता फुटला की कुंपणाशी माणसे जमत. न्यूयॉर्कला आल्यावर काही वर्षे हॉटेलांत गेली. स्वतःची अशी खोली जिला लहानपणी मिळाली नाही आणि तरुणपणी टिकवता आली नाही, तिला पंचेचाळिशी उलटल्यावर मिळालेले हे घर काय वाटले असेल, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढच्या ३७ वर्षांचा अर्थ लागत नाही.

तिच्या निवृत्तीचीही एक दंतकथा झाली आहे. ऐन भरात असताना, एका फटक्यात तिने चित्रपटाकडे पाठ फिरवली, अशी ती कथा. प्रत्यक्षात गोष्टी इतक्या नाट्यमय नव्हत्या. दुसऱ्या महायुद्धामुळे युरोपातली चित्रपटगृहे अमेरिकी कंपन्यांच्या हातून गेली, आणि गार्बोचा मोठा प्रेक्षक युरोपातच होता. १९४१ चा ‘टू-फेस्ड वूमन’ टीकाकारांनी झोडपला. युद्ध संपल्यावर पाहू, असा तिचा विचार असावा, कारण बाल्झाकच्या कथेवरच्या एका चित्रपटासाठी १९४९ मध्ये तिने कॅमेऱ्यासमोर चाचण्या दिल्या होत्या. माक्स ओफ्युल्स दिग्दर्शन करणार होता. पैशांची जुळवाजुळव फसली आणि प्रकल्प बारगळला. त्या चाचण्यांची फीत पुढे सापडली. तिच्यातला चेहरा तेव्हाही कॅमेऱ्याला पुरून उरणारा आहे. म्हणजे तिने दार आपटून बंद केले नाही. ते हळूहळू लोटले गेले, आणि एकदा लोटल्यावर तिला ते पुन्हा उघडावेसे वाटले नाही.

एकांताची जी ख्याती तिला चिकटली तिच्यात स्टुडिओचाही हात होता. ‘ग्रँड हॉटेल’ (१९३२) मधल्या थकलेल्या नर्तिकेच्या तोंडी ‘मला एकटीला राहायचे आहे’ अशा अर्थाचे वाक्य आले आणि लोकांनी ते नटीच्याच नावावर जमा केले. मुलाखती न देणे हा तिचा स्वभाव होता. एमजीएम या तिच्या स्टुडिओच्या प्रसिद्धी विभागाने त्या स्वभावाचेच भांडवल केले. १९३९ च्या ‘निनोच्का’मध्ये तर या प्रतिमेची थट्टा करणारा संवाद मुद्दाम घातलेला आहे. आपण तसे म्हटलेच नव्हते, आपल्याला कोणी त्रास देऊ नये एवढेच म्हणणे होते, असे ती पुढे सांगत राहिली. या दोन मागण्यांत मोठे अंतर आहे. माणसांचाच कंटाळा असणे वेगळे आणि कोणती माणसे जवळ यावीत हे आपण ठरवणे वेगळे. गार्बो आयुष्यभर यातली दुसरी गोष्ट मागत होती.

घराच्या आत रंगांची मोठी हौस होती. बाहेर ती राखाडी कोट, साधी पँट, सपाट बूट आणि काळा चष्मा अशा वेषात दिसे. दिवाणखान्यात मात्र गुलाबी, हिरवट, सोनेरी छटा होत्या. पंधराव्या लुईच्या काळातल्या शैलीच्या खुर्च्या, चामडी बांधणीची पुस्तके, आणि काही गालिचे तर तिने स्वतः आराखडे काढून विणून घेतलेले. खिडक्यांतून ईस्ट नदी आणि तिच्यातून जाणाऱ्या बोटी दिसत. भिंतींवर ऑग्युस्त रन्वारची चित्रे होती. त्यांतल्या एकात निळ्या झग्यातले बसलेले मूल आहे. ते चित्रकाराच्या कुटुंबातलेच, एडमंड रन्वार. बोनार होता, यावलेन्स्की होता, रोबेर देलोनेच्या छत्रीवाल्या स्त्रीचे चक्राकार रंगांचे चित्र होते. १९४० च्या दशकापासून ती चित्रे घेत आली होती. सल्ला विचारी, पण निवड तिची स्वतःची असे, आणि तिच्या संग्रहात फुले, मुले आणि उजळ रंग पुन्हा पुन्हा आढळतात. ज्या स्त्रीला जगाने पडद्यावर ‘कमील’मध्ये आणि ‘अ‍ॅना कॅरेनिना’मध्ये झुरताना आणि मरताना पाहिले, तिने स्वतःसाठी निवडलेल्या भिंती अशा होत्या.

या श्रीमंती थाटात एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक होती. सोफ्याखाली प्लास्टिकच्या बुटक्या ट्रोल बाहुल्यांची रांग असे. स्कँडिनेव्हियन लोककथांमधले हे केस पिंजारलेले भुतले अमेरिकेतल्या खेळण्यांच्या दुकानात स्वस्तात मिळत. सॅम ग्रीन हा कलाव्यवहारातला तिचा मित्र. त्याला त्या एकदा सहज वाकल्यावर दिसल्या. पुढच्या खेपेस पाहिले तर त्यांची मांडणी बदललेली होती, म्हणजे कोणीतरी त्या नियमाने हलवत होते. रन्वारखाली सोफा आणि सोफ्याखाली ट्रोल, असे ते घर होते. पाहुण्याला दाखवण्यासाठी मांडलेल्या घरात अशी गोष्ट राहू शकत नाही. ते फक्त स्वतःसाठी मांडलेले घर होते.

ती घरात कोंडून घेत असे, हा समज तर सर्वांत चुकीचा. ती रोज चालायला जाई, तेही लांबवर. मॅनहॅटनचे रस्ते, तिसऱ्या अ‍ॅव्हेन्यूवरची जुन्या वस्तूंची दुकाने, फळे-भाजीवाले, सेंट्रल पार्क. कधी एकटीने, कधी रेमंड डॉम किंवा ग्रीन या मित्रांसोबत. दुकानात नाव सांगायची वेळ आली तर ‘मिस हॅरिएट ब्राऊन’. न्यूयॉर्ककरांना ती अधूनमधून दिसे. दिसली की घरी जाऊन सांगायचे आणि रस्त्यात मात्र हटकायचे नाही, असा त्या शहराचा जणू अलिखित शिष्टाचार झाला होता. सिडनी ल्युमेटने १९८४ मध्ये ‘गार्बो टॉक्स’ हा चित्रपट केला, त्यात मरणासन्न आईसाठी मुलगा गार्बोला शोधत शहरभर फिरतो. हे कथानक त्याच वातावरणातून आले आहे. महानगराच्या गर्दीत माणूस हरवतो अशी तक्रार नेहमी होते. गार्बोला गर्दीचा हाच गुण हवा होता. खेड्यात किंवा बेव्हर्ली हिल्समध्ये तिला असे चालता आले नसते.

उन्हाळ्यात ती स्वित्झर्लंडमधल्या क्लोस्टर्स या डोंगरी गावी जाई. तिथे साल्का फिर्टेल राहत होती. ‘क्वीन ख्रिस्टिना’च्या पटकथेत हात असलेली ही तिची जुनी मैत्रीण. भावाच्या कुटुंबाशीही संबंध जिव्हाळ्याचे होते. भाचीची मुले तिला आजीसारखीच ओळखत, आणि हातवारे करून हसवणारी, रस्त्यात गमती करणारी बाई म्हणून त्यांनी तिच्या आठवणी सांगितल्या आहेत.

असे जगायला पैसा लागतो, हे सांगायलाच हवे. गार्बोने कमाई उडवली नाही. बेव्हर्ली हिल्समधल्या रोडिओ ड्राइव्हवर तिने जागा घेतल्या होत्या. चित्रांच्या किमती वाढत गेल्या. इमारतीला द्वारपाल होता, घरात वर्षानुवर्षे एकच मदतनीस बाई होती, आणि या दोघांनी तोंड उघडले नाही. जिला पोटासाठी जाहिराती कराव्या लागतात, आठवणी विकाव्या लागतात, त्या नटीला गप्प राहणे परवडत नाही. गार्बोच्या शांततेमागे गरिबीत वाढलेल्या मुलीचा काटेकोर हिशेब होता, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

तिच्या आयुष्यात खरोखर जखमा करून गेली ती जवळची माणसे. अनोळखी लोकांनी तिला तेवढे दुखावले नाही. छायाचित्रकार सेसिल बीटन याने १९७२ मध्ये डायरी छापली आणि तिच्याशी असलेल्या संबंधांची हकीकत जगापुढे मांडली. मर्सिडीस द अकोस्टा या लेखिकेने १९६० मध्ये आत्मचरित्र काढले, तेव्हा गार्बोशी असलेले तिचे नाते तुटले. सॅम ग्रीनशी ती तासन् तास फोनवर बोले. १९८५ मध्ये एका सनसनाटी पत्राने दोघांचे लग्न ठरल्याची थाप छापली आणि तिने त्याच्याशी बोलणे थांबवले, त्याचा दोष किती होता याची फारशी चौकशी न करता. इथे तिचा कठोरपणा दिसतो. विश्वासाला तडा गेल्याचा नुसता संशय तिला पुरे होई, आणि त्याची किंमत ग्रीनसारख्या मित्राला मोजावी लागली. तिलाही ती मोजावी लागलीच, कारण नंतरची वर्षे ती अधिक एकटी पडली.

या घराच्या इतिहासातला सर्वांत अवघड भाग जॉर्ज श्लीचा. रशियातून आलेला हा गृहस्थ तिचा सल्लागार आणि सोबती होता. तो आणि त्याची पत्नी, प्रसिद्ध वेषभूषाकार व्हॅलेंटिना, त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहत. १९६४ मध्ये गार्बोसोबत प्रवासात असताना श्ली पॅरिसला वारला. पुढे व्हॅलेंटिनाच्या १९८९ मधल्या मृत्यूपर्यंत, पाव शतक, दोन्ही बायका त्याच लिफ्टने वर-खाली करीत राहिल्या, एकमेकींची गाठ पडणार नाही अशा बेताने. एकीलाही घर सोडावेसे वाटले नाही. तऱ्हेवाईक म्हणून ही गोष्ट नेहमी रंगवून सांगतात. एका वयानंतर माणूस आपल्या खिडकीला, आपल्या चालण्याच्या रस्त्याला किती बांधला जातो, हे त्यात अधिक दिसते.

प्रसिद्धीकडे पाठ फिरवलेल्या नटीवर लोकांचा किती हक्क उरतो, हा प्रश्न भारतात अभिनेत्री सुचित्रा सेन यांच्या निमित्ताने उभा राहिला. त्यांना ‘भारताची गार्बो’ म्हणत. १९७८ मधल्या ‘प्रणय पाशा’ या चित्रपटानंतर कलकत्त्यातल्या घरात त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ सार्वजनिक नजरेआड काढला. दिल्लीला जाऊन सन्मान घ्यावा लागेल म्हणून त्यांनी दादासाहेब फाळके पुरस्कार नाकारल्याचे सांगितले जाते. दोघींबद्दलची कुजबुज सारखीच होती: वय दिसू नये म्हणून चेहरा लपवतात. हे स्पष्टीकरण सोपे आणि अन्यायाचे आहे. गार्बो तर रोज उघड्या रस्त्यावर सुरकुत्यांसह चालत होती. लपवायचाच असता तर तिला चेहरा लपवता आला असता. तिने नाकारली ती चेहऱ्याची विक्री. प्रेक्षकाने तिकिटाचे पैसे मोजले ते चित्रपटासाठी, आणि तो त्याला मिळाला. त्यापुढच्या म्हातारपणावर, आजारावर, सोफ्याखालच्या बाहुल्यांवर त्याचा हक्क उरत नाही. नट्यांच्या बाबतीत हा साधा व्यवहार विसरला जातो, आणि हक्क नाकारणारीलाच विचित्र ठरवले जाते. एक छायाचित्रकार दहा वर्षांहून अधिक काळ तिच्या दाराशी पाळत ठेवून होता. त्याला मात्र कोणी विचित्र म्हटले नाही. पेशाने तो फक्त छायाचित्रकार गणला गेला.

१९८४ मध्ये तिच्यावर स्तनाच्या कर्करोगाचे उपचार झाले. शेवटी मूत्रपिंडे निकामी झाली आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी रुग्णालयात जावे लागे. चालणे आखडत गेले. मृत्यूच्या काही दिवस आधी, रुग्णालयाच्या वाटेवर गाडीत बसलेल्या थकलेल्या बाईचा फोटो त्याच पाळतीवरच्या कॅमेऱ्याने टिपला आणि तो छापलाही गेला.

नोव्हेंबर १९९० मध्ये ‘सदबीज’ने तिच्या संग्रहाचा लिलाव केला. चित्रे, खुर्च्या, गालिचे मिळून सुमारे २ कोटी डॉलर आले. विक्रीपूर्व प्रदर्शनाला लोटलेल्या गर्दीला ते घर पहिल्यांदाच पाहायला मिळाले, तेही सुट्या वस्तूंच्या रूपात, क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावलेले. अस्थी १९९९ मध्ये स्टॉकहोमच्या स्कोग्सशिर्कोगोर्डेन या दफनभूमीत नेण्यात आल्या. अकोस्टाने फिलाडेल्फियाच्या रोझेनबाख संग्रहालयाकडे सोपवलेली गार्बोची ५५ पत्रे दोघींच्याही मृत्यूनंतर १० वर्षे उघडायची नव्हती. ती मुदत एप्रिल २००० मध्ये संपली. पत्रकार मोठ्या अपेक्षेने जमले. पत्रांत तब्येत होती, हवामान होते, प्रवासाचे बेत होते, कंटाळा होता. ज्या गौप्यस्फोटासाठी ती राखून ठेवली असे लोक समजत होते, तो त्यांत नव्हता.