ढाल तुटल्यानंतर

पोलादपूर तालुक्यातल्या उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री ते कोंढाण्यावर पडले आणि त्यांचा देह सह्याद्रीच्या वाटेने इथे उतरवला, अशी परंपरा आहे. मढे घाटाचं नावही त्यावरूनच पडलं म्हणतात. आजारी माणसाला डोलीत घालून डोंगर उतरलेल्या कुणालाही विचारा. उतारावर भार पुढच्यांच्या खांद्यावर येतो आणि मागच्यांना पाय रोवून डोली ओढून धरावी लागते. तानाजींची गोष्ट सांगताना मला आधी ते खांदे आठवतात.

तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातली कडा चढणारी घोरपड लहानपणी साऱ्यांनाच भुरळ घालते. मला मात्र सभासद बखरीतला एक क्षण सोडत नाही. किल्लेदार उदेभानाशी लढताना तानाजींची ढाल तुटली. दुसरी वेळेवर मिळाली नाही, तेव्हा त्यांनी डावा हातच ढाल केला. हत्यार संपलं तिथे माणूस उरला. लोकांच्या गोष्टीतलं खरं बळ इथून सुरू होतं.

पश्चिम आफ्रिकेतही बळाची अशीच एक गोष्ट आहे. तेराव्या शतकात मालीचं साम्राज्य उभारणाऱ्या सुंजाताची गाथा तिथले ग्रिओ, म्हणजे पिढीजात शाहीर, आजही गातात. सुंजाता लहानपणी पांगळा. वर्षानुवर्षं रांगायचा. एक दिवस त्याची आई सवतीकडे कालवणापुरता बाओबाबचा पाला मागायला गेली. सवतीने पोराच्या पांगळेपणावरून टोमणा मारला. आई रडत घरी आली. पोराने लोखंडी कांब मागवली, तिच्या आधाराने तो उठला, आणि कांब धनुष्यासारखी वाकली. मग त्याने बाओबाबचं झाड मुळासकट उपटलं आणि आईच्या दाराशी आणून ठेवलं. आता पाल्यासाठी सगळ्यांनी तिच्या दारात यावं!

पोराच्या पायांत बळ आलं ते आईच्या डोळ्यांतल्या पाण्याने. म्हणून बलवानाच्या प्रत्येक गोष्टीला मी एकच प्रश्न विचारतो: हे बळ कुणासाठी?

महाडने या प्रश्नाला दिलेलं उत्तर मला सर्वांत मोठं वाटतं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ मध्ये केला होता. महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केलं होतं. तरी पाण्याला हात लावायची कुणाची छाती झाली नव्हती. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. काही वेळातच ते देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि परतणाऱ्या लोकांवर लाठ्या पडल्या. त्यांच्यात पलटणीतून निवृत्त झालेले महार सैनिक होते. हात उगारणं त्यांना अवघड नव्हतं. बाबासाहेबांनी शांत राहायला सांगितलं, आणि लढाई पाहिलेले ते हात आवरले गेले. पुढे दहा वर्षं कोर्टात झगडून १९३७ मध्ये हायकोर्टाचा निकाल त्यांनी मिळवला.

सुंजाताने झाड उपटून आईच्या दारी आणलं. अपमान करणारीला याचक केलं. चवदार तळं मात्र जिथल्या तिथे राहिलं. ज्यांनी लाठ्या मारल्या, त्यांच्याही घागरी त्यात बुडत राहिल्या. कुणाचं पाणी न तोडता आपलं पाणी मिळवणं, याला लागणारं बळ कोणत्याही दंडात मावणारं नाही.

उमरठची समाधी आणि चवदार तळं एकाच खोऱ्यात आहेत. मुलांना एक दाखवायला न्याल, तेव्हा दुसरंही दाखवा.