दयाळू शोमरोनी आणि आपली घाई



दयाळू शोमरोन्याचा दाखला आपल्या धर्मग्रामात कोणाला ठाऊक नाही? धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले दरवर्षी त्याचे नाटुकले करतात. जखमी वाटसरूची भूमिका सगळ्यांना हवी असते, कारण तिला पाठांतर नाही. याजकाची मात्र कोणालाच नको असते. याजक आणि लेवी हे दोघे निर्दयी होते, हे आपण लहानपणापासून धरूनच चालतो. वास्तविक संत लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय १०) त्यांच्या मनात काय चालले होते याविषयी एक शब्दही नाही. ते दुष्ट होते की भ्यालेले होते, की त्यांना कुठे वेळेवर पोहोचायचे होते?

हाच प्रश्न अमेरिकेतील जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन या दोन सामाजिक मानसशास्त्रज्ञांनी हाती घेतला. त्यांच्या अभ्यासाचा अहवाल १९७३ साली प्रसिद्ध झाला. प्रिन्स्टन थिऑलॉजिकल सेमिनरीतील ४० विद्यार्थ्यांवर त्यांनी प्रयोग केला. (ही सेमिनरी प्रेस्बिटेरियन पंथाची आहे; पण म्हणून आपण कॅथलिक सुटलो, असे कोणी समजू नये.) आधी प्रत्येकाकडून त्याच्या श्रद्धेविषयी प्रश्नावली भरून घेतली. मग त्याला सांगितले, की शेजारच्या इमारतीत जाऊन तुला एक छोटे भाषण द्यायचे आहे. काहींना विषय दिला सेमिनरीतून बाहेर पडल्यावर मिळणाऱ्या कामांचा, तर काहींना चक्क दयाळू शोमरोन्याचा दाखलाच. निघताना काहींना म्हटले, अजून वेळ आहे, सावकाश जा. काहींना म्हटले, आता निघायला हवे. आणि काहींना सांगितले, तुला उशीर झाला आहे, तिथे लोक खोळंबले आहेत, पळ.

वाटेवर एका दारापाशी एक माणूस मान टाकून बसलेला होता. कोणी जवळून गेला, की तो खोकायचा, कण्हायचा. तो अर्थातच प्रयोगकर्त्यांनी बसवलेला होता.

ज्यांना सवड होती त्यांच्यातील ६३ टक्के थांबले किंवा त्यांनी कोणाला तरी कळवले. मधल्या गटातील ४५ टक्के. आणि ज्यांना घाई होती त्यांच्यातील अवघे १० टक्के. मनात शोमरोन्याचा दाखला घोळत असणे किंवा नसणे, याने भरवशाने सांगता येईल असा फरक पडला नाही. श्रद्धेच्या प्रश्नावलीवरूनही कोण थांबेल हे ओळखता आले नाही. शोमरोन्यावर बोलायला निघालेले काही जण तर त्या माणसाला ओलांडून पुढे गेले.

४० ही संख्या लहान आहे, हे खरे. सवड असलेल्यांतलेही तिघांपैकी एकाहून अधिक जण थांबले नाहीत, हेही विसरू नये. पण आम्हाला या अहवालात सर्वांत जास्त अस्वस्थ केले ते आकड्यांनी नव्हे. न थांबता गेलेले विद्यार्थी पुढच्या इमारतीत पोहोचले तेव्हा त्यांच्यातील कित्येक जण बेचैन दिसत होते, असे संशोधकांनी नोंदवले आहे. म्हणजे त्यांचे काळीज दगडाचे नव्हते. तिकडे कोणीतरी त्यांची वाट पाहत होते आणि त्यांना शब्द पाळायचा होता. त्यांची घाई हीच एक जबाबदारी होती. एका कर्तव्यापायी त्यांनी दुसरे ओलांडले. अशी घाई आपल्याला पाप वाटतच नाही, उलट शिस्त वाटते.

आता आपल्याकडे येऊ. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. आपल्या वाशीम जिल्ह्यातून, कारंजा, शेलुबाजार, मालेगाव या बाजूने तो जातो. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याकडे निघालेली एक खासगी बस आपला जिल्हा ओलांडून पुढे गेली आणि बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली. २५ माणसे गेली. जे थोडे वाचले त्यांनी रस्त्यावरच्या गाड्यांना हात केले, पण कोणी थांबले नाही, असे त्या वेळी वृत्तपत्रांतून आले होते.

ती बातमी वाचून आपण सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, आणि त्या गाडीवाल्यांना नावेही ठेवली. पण थोडा हिशेब करून पाहू. ताशी १२० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे ३३ मीटर जाते. समोर काय आहे हे उमगायला तीन सेकंद लागले, तर शंभर मीटर मागे पडले. रात्रीची वेळ, मागून ट्रक येणार, मध्येच गाडी थांबवणे जिवावर बेतणारे. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना घाई संशोधकांनी लावली. इथे ती रस्त्यानेच लावून ठेवली आहे. हे आम्ही त्यांची वकिली करण्यासाठी लिहीत नाही. पुढे सुरक्षित जागी गाडी बाजूला घेऊन फोन करणे शक्य होतेच. पण आपण त्या गाडीत असतो तर नक्की थांबलो असतो, असे छातीठोकपणे कोण म्हणेल?

दुसरी गोष्ट गर्दीची. याच डार्ली यांनी बिब लॅटाने यांच्यासह १९६८ साली आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. वेगवेगळ्या खोल्यांत बसलेले विद्यार्थी यंत्रावरून एकमेकांशी बोलत असताना त्यांच्यातल्या एकाला झटका आल्याचे ऐकू येई. ऐकणारा आपण एकटाच आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यातील ८५ टक्के त्याचे बोलणे संपण्याआधीच मदतीसाठी धावले. आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटले, तेव्हा ३१ टक्के. अपघाताभोवती बघ्यांची गर्दी जमते आणि प्रत्येकाला वाटते, १०८ ला कोणीतरी लावलाच असेल. तो कोणीतरी कोण, हे कोणी विचारत नाही.

पूर्वी लोक पोलीस आणि कोर्टाच्या फेऱ्यांना भीत, आणि ती भीती खोटी नव्हती. आता ते कारणही फारसे उरलेले नाही. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातील कलम १३४ अ ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले. त्या कलमात मदत करणाऱ्याला शब्द वापरला आहे 'गुड समॅरिटन'. येशूच्या दाखल्यातला परका वाटसरू आपल्या देशाच्या कायद्यात येऊन बसला आहे!

मग घाईत असलेला माणूस दोषी की निर्दोष? मिस्साच्या आरंभी आपण जे केले त्याचीच नव्हे, तर जे करायचे राहिले त्याचीही कबुली देतो. आम्हाला असे वाटते, की त्या क्षणापुरता दोष कदाचित कमी असेल. पण निर्णय त्या क्षणी होतच नाही. तो घरून किती वाजता निघालो तेव्हाच झालेला असतो. शोमरोन्यालाही काम होतेच. तो जखमीपाशी कायमचा बसून राहिला नाही. रात्रभर त्याने शुश्रूषा केली, दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या रखवालदाराला पैसे दिले आणि परत येताना पाहीन असे सांगून आपल्या वाटेला लागला. त्याच्या दिवसात एका रात्रीची जागा निघाली, इतकेच. याजकाच्या दिवसात ती नव्हती.

हे आम्ही उंचावर बसून लिहीत नाही. गेल्या वर्षी सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत एका रविवारी आम्ही घरची चौघे मिस्साला येत होतो. पहिले वाचन आमच्या घराकडे होते आणि निघायला उशीर झाला होता. वाटेत एक दुचाकी आडवी पडलेली दिसली. कडेला गवतात एक माणूस दोन्ही हातांनी डोके धरून बसला होता. दोन-तीन जण जवळ उभे होते. "लोक आहेत तिथे," आमच्यापैकी कोणीतरी म्हणाले, आणि गाडीचा वेग कमी झाला नाही. मिस्सा संपल्यावर त्याच रस्त्याने परतलो तेव्हा तिथे कोणी नव्हते.

तो कोण होता, कोणत्या गावचा, त्याचे पुढे काय झाले, हे आम्हाला आजवर कळलेले नाही. पहिले वाचन मात्र वेळेवर झाले.