तेलाच्या डब्याचा पत्रा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आप्पा मिस्त्रींच्या गॅरेजला बोर्ड नाही. लेथचा आवाज संपून हातोडीचा सुरू झाला की थांबायचं, एवढाच पत्ता. आप्पा सत्तरीला टेकलेले, हाताखाली बंड्या. पोराचा हात चालतो आणि हातापेक्षा डोकं जास्त चालतं, हे आप्पा कधी तक्रार म्हणून सांगत, कधी कौतुक म्हणून.

फाल्गुनात सरांची फियाट आली. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी, 1978 सालची, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली. कंपनीनं 1974 पासून पद्मिनी नाव लावलं, पण गावानं ते मनावर घेतलं नाही. गाडी सरांच्या वडिलांची. 2019 च्या महापुरात पंचगंगा सरांच्या अंगणात आली, तेव्हा ती दाराच्या कडीपर्यंत पाण्यात उभी होती, आणि पुढं ताडपत्रीखाली तशीच राहिली. आता सर शाळेतून निवृत्त झाले होते, फंडाची रक्कम हातात आली होती, आणि वैशाखात मुलीचं लग्न होतं. नवरी आजोबांच्या गाडीतून मांडवात उतरणार, असं घरात ठरलेलं.

"रंग कुठला द्यायचा, आप्पा? मूळचा पांढरा की जरा वेगळा?" सरांनी विचारलं. गिऱ्हाईक पहिला प्रश्न हाच विचारतं.

"आधी हाय तो काढूया की," आप्पा म्हणाले.

त्यांनी जुन्या स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक फडक्यात गुंडाळलं आणि बॉडीवरून फिरवायला सुरुवात केली. पत्रा असेल तिथं चुंबक ओढ घेतं. पुट्टीवरून ते नुसतंच घसरतं, कारण पुट्टीला चुंबकाशी देणंघेणं नाही. मग बोटाच्या पेरानं टकटक. चांगला पत्रा खणकन बोलतो, पुट्टी भरलेला ठप्प वाजतो. संशयाच्या जागी खडूचे गोल पडत गेले: चाकांच्या कमानीवर, डिकीच्या पन्हाळीत, काचेच्या रबराखाली, आणि सगळ्यात मोठा गोल डाव्या दाराखालच्या रनिंग बोर्डवर. तिथं रंगाला फोड आले होते. लोखंड गंजलं की फुगतं, गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. म्हणून वरचा रंग आतून उचलला जातो. वरून मटाराएवढा दिसणारा फोड आत तळहाताएवढा निघाला, तरी आप्पांना नवल वाटत नाही.

दुसऱ्या दिवसापासून रिमूव्हर. दारांच्या कडा आणि पत्र्याचे सांधे आप्पांनी आधी टेपनं बंद केले. सांध्यात शिरलेला रिमूव्हर धुऊन निघत नाही आणि महिन्याभरानं नवा रंग उचलून वर येतो. मग रबरी हातमोजे घालून ब्रशनं जाड थर, एकाच दिशेनं. वर प्लॅस्टिकचा कागद, म्हणजे वाळत नाही. थोड्या वेळात रंगाला सुरकुत्या पडल्या, तो जागा सोडून उठला, आणि पट्टी फिरली तशी लगद्यासारखा खाली आला. आधी निळा, त्याच्याखाली करडा, मग पुन्हा निळा, आणि सगळ्यांच्या तळाशी कारखान्यातला पांढरा. राहिलेलं ओल्या पॉलिश पेपरनं घासायचं. कोरडं घासायला आप्पांची सक्त मनाई, कारण जुन्या रंगात शिसं असायचं आणि ती धूळ छातीत जाते. उघड्या झालेल्या पत्र्याला हात लावायचा नाही, घामानं बोटांचे ठसे गंजून उमटतात. जेवढा पत्रा दिवसभरात उघडा होईल, तेवढ्यावर संध्याकाळच्या आत प्रायमर.

बंड्याला हे सगळं फार सावकाश वाटलं. त्याचा मावसभाऊ शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत होता. तिथं कास्टिंगवरची वाळू आणि खपली काढायला शॉट ब्लास्टिंगचं मशिन असतं. पोलादी गोळ्यांचा मारा, आणि बघता बघता कास्टिंग चांदीसारखं. आप्पा दोन दिवस लग्नाला सांगलीला गेले तेव्हा बंड्यानं बॉनेट टेम्पोत टाकलं आणि शिरोलीला नेलं.

बॉनेट चकचकीत होऊन परत आलं. रंगाचा कण नाही, गंजाचा डाग नाही. फक्त ते बॉनेट राहिलं नव्हतं. कास्टिंग इंचभर जाडीचं असतं, बॉनेटचा पत्रा मिलिमीटरभरही नाही. प्रत्येक गोळी म्हणजे एक बारीक हातोडी. लाखो हातोड्यांनी पत्रा वरच्या अंगानं ताणला, आणि ताणलेल्या पत्र्याला जायला जागा नसते, म्हणून तो मध्ये फुगतो. बंड्यानं मधोमध अंगठा दाबला. पत्रा टपकन खाली बसला. अंगठा काढला, टपकन वर आला. तिरप्या उजेडात बघितलं तर सगळीकडं लाटा.

त्या रात्री गॅरेजातला दिवा उशिरापर्यंत चालू होता. सकाळी आप्पा आले तेव्हा बॉनेटवर पुट्टी होती, वर प्रायमर होता, आणि बंड्या नको तितका लवकर हजर होता.

"बॉनेट झालं व्हय रं?"

"झालं की. म्हटलं, तुमी यायच्या आत उरकून टाकावं."

आप्पांनी चुंबक घेतलं. मधोमध ठेवलं, ते घसरत कडेपर्यंत गेलं. दुसरीकडं ठेवलं, तिथूनही घसरलं. बंड्या पिंपात पाणी भरत होता, म्हणजे भरलेल्याच पिंपात. आप्पांनी चुंबक खिशात टाकलं आणि म्हणाले, "चल, रनिंग बोर्ड उघडूया."

या गाडीला खाली वेगळी चॅसी नसते, बॉडीच सगळा भार झेलते. त्यामुळं रनिंग बोर्ड म्हणजे दाराखालची शोभेची पट्टी नव्हे. ती कुजली की गाडी मध्ये लवते आणि दारं बसेनाशी होतात. डांबराचा थर खरवडला तसा पुराचा वाळलेला गाळ बाहेर पडला. गाळामागं एक ठिगळ. आतला कुजका पत्रा कापूनही काढला नव्हता, वरून दुसरा पत्रा पितळेनं डागून चिकटवलेला. दोन पत्र्यांच्या फटीत पाणी साठत राहिलं आणि जुन्या गंजानं नवा पत्राही खाल्ला. ठिगळ पकडीत धरून ओढताच हातात आलं. उलटं केलं तर आतल्या अंगाला अर्धं छापील कमळ. खाद्यतेलाच्या डब्याचा पत्रा.

"कुठल्या गाढवानं केलंय हे?" बंड्या हसला. सकाळपासून पहिल्यांदाच.

आप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी सरांना फोन लावला.

सर आले, वाकून बघितलं, भोकात बोट घालून बघितलं. "पुराचं काम," ते म्हणाले. "नाही का? आमच्या गल्लीत कपाटं कुजली, हा तर पत्रा."

खरं तर विषय इथंच मिटत होता. गिऱ्हाईकानं स्वतःच कारण शोधून दिलं होतं, आणि पुराला काही कोणी जाब विचारत नाही. गॅरेजच्या धंद्यात महापुरानं किती जणांची जुनी पापं धुतली, याचा हिशोब अजून कुणी मांडलेला नाही.

"पूर नंतर आला, सर," आप्पा म्हणाले. "हे ठिगळ 1994 चं. तुमच्या वडलांनी गाडी रंगाला दिली हुती माझ्याकडं. पत्रा कुजलेला दिसला. कापून नवा लावायचा तर चार दिवस जास्त लागत हुते, आणि मला दुसरी गाडी घ्यायची हुती. डबा कापला, डागला, वर डांबर मारलं. पैसे पुरे घेतले."

सरांनी चष्मा काढून पुसला. "अण्णांना माहीत होतं?"

"न्हाई. त्यांनी मला वर पेढे दिले हुते."

बंड्याच्या हातातलं ठिगळ आता त्याला कुठं ठेवावं कळेना.

"या अंगाचं काम माझ्याकडून," आप्पा म्हणाले. "कुजलेलं सगळं कापतो, चांगला पत्रा लागेपर्यंत. मग त्याच जाडीचा नवा. बिलात धरणार न्हाई."

सर उजव्या बाजूचं काय, डिकीचं काय, असं एकेक विचारायला लागले. आप्पा दाखवत होते. दोघं फिरत फिरत गाडीच्या तोंडाशी आले तेव्हा बंड्या मध्येच बोलला.

"सर, बॉनेट पण बघा."

"त्याचं काय? छान दिसतंय की."

"पुट्टी हाय नुसती. शिरोलीला मशिनवर न्हेलं हुतं मी. ताणलंय. आप्पांना सांगितलं न्हाई." मग आप्पांकडं न बघता, "चुंबक लावून बघा."

आप्पांनी खिशातलं चुंबक काढून सरांच्या हातात दिलं. सरांनी ते लावलं, घसरताना बघितलं, पुन्हा लावलं. मास्तरकी अंगात मुरलेली, त्यामुळं असं का होतं हे बंड्याकडून पूर्ण वदवून घेतल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. गोळ्या, ताण, फुगवटा, सगळं.

"नीट होईल?"

"गरम करून, पाणी मारून पत्रा थोडा आकसतो," आप्पा म्हणाले. "पण एवढं ताणलेलं न्हाई येत वळणावर. भंगारात दुसरं बघायला लागंल. निम्मं बंड्याच्या पगारातनं, निम्मं माझं."

"तुमचं का?"

"बॉनेट सकाळी बघितलं हुतं मी. त्याला इचारलं न्हाई."

बंड्यानं मान वर केली. सरांनी मात्र तिकडं लक्ष दिलं नाही, ते बोटांवर दिवस मोजत होते. "म्हणजे लग्नाला गाडी होत नाही."

"रंग न्हाई हुणार," आप्पा म्हणाले. "पत्र्याचं काम हुईल, प्रायमर हुईल. रंग मारून देतो म्हटलं तर देईन, पण मग परत डबाच कापायला लागंल."

सर गाडीभोवती एक चक्कर मारून आले. "प्रायमरवर आणली तर? तांबडी दिसेल ना?"

"रेड ऑक्साइड. तांबडी म्हंजे इटकरीवानी."

"चालेल. नवरीचा शालू हिरवा आहे."

"सर, प्रायमर पाणी पितं. वैशाखात वळीव आला तर?"

"ताडपत्री आहे की घरात," सर म्हणाले आणि बंड्याला भंगारवाल्याचा नंबर विचारायला लागले.