दहा बाय बाराच्या खोलीतील नाद

घरी बसून संगीत ऐकण्यासाठी हेडफोन, अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांवर होणाऱ्या खर्चाचा मोबदला कशात मोजावा, याचा हिशेब पुण्यातील हौशी श्रोत्याने अजून नीट मांडलेला नाही. ज्या काळात हा छंद इथे रुजला, त्या काळी किंमत आणि गुणवत्ता यांची गाठ खरोखरच पक्की होती, हे त्याचे एक कारण असावे. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणापूर्वी परदेशी ध्वनिसाधनांवर जबर सीमाशुल्क असे, आखातातून किंवा अमेरिकेतून येणाऱ्या नातलगाने आणलेला रेडिओ-कॅसेट एकत्र असलेला टू-इन-वन बैठकीच्या खोलीत विणलेल्या रुमालाखाली जपला जाई, आणि स्वस्त साधन म्हणजे खरखरणारे साधन ही समजूत प्रत्यक्ष अनुभवातून आलेली असे. त्यानंतरच्या दशकात खोक्यांवर 'पीएमपीओ' या नावाखाली हजार-हजार वॅटचे आकडे छापले जाऊ लागले. क्षणभराच्या काल्पनिक कमाल शक्तीचा हा आकडा कोणत्याही मान्य प्रमाणाला बांधलेला नव्हता, तरीही मोठा आकडा म्हणजे चांगला ध्वनी ही समजूत त्याने घट्ट केली. साधने बदलली, बाजार बदलला, पण या दोन समजुती मात्र टिकून राहिल्या.

वस्तुस्थिती आता वेगळी आहे. जेरोएन ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ मध्ये २८३ हेडफोनची मोजमापे त्यांच्या बाजारभावाशी ताडून पाहिली आणि वारंवारता-प्रतिसाद व किंमत यांत कोणताही सहसंबंध आढळत नाही असा निष्कर्ष प्रसिद्ध केला. वारंवारता-प्रतिसाद म्हणजे खर्जापासून तारेपर्यंतच्या निरनिराळ्या स्वरांना एखादे साधन किती कमी-अधिक उठाव देते त्याचा आलेख, आणि हेडफोनचा ध्वनी कसा वाटतो हे ठरवणाऱ्या गोष्टींत त्याचा वाटा सर्वांत मोठा आहे. हा आलेख कसा असला म्हणजे बहुसंख्य श्रोत्यांना आवडतो, याचा शोध शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी हरमन या कंपनीत गेल्या दशकात पद्धतशीर श्रवणचाचण्या घेऊन लावला आणि तो प्रसिद्धही केला. त्यामुळे चांगल्या ध्वनीचा नकाशा आता कोणाचे गुपित राहिलेला नाही. दोन हजार रुपयांच्या आसपास मिळणारे, कानाच्या नळीत बसणारे काही वायरचे इअरफोन त्या नकाशाच्या इतके जवळ जातात की त्यापुढे मोजलेल्या रुपयाचा परतावा झपाट्याने घटतो. जे अंतर उरते तेही संगणकावरील किंवा फोनवरील इक्वलायझरने, म्हणजे निवडक स्वरपट्टे कमी-जास्त करणाऱ्या आज्ञावलीने, फुकटात बरेच भरून काढता येते.

मग उरलेला पैसा आणि उरलेले लक्ष कुठे घालावे, हा प्रश्न साधनांच्या दुकानात सुटत नाही, कारण त्याचे उत्तर ऐकणारा जिथे बसतो त्या जागेत आणि जे ऐकतो त्या ध्वनिमुद्रणात दडलेले असते.

विश्रांतवाडी हे या दृष्टीने विचार करण्याजोगे ठिकाण आहे. आळंदी रस्त्यावरचा हा भाग एका बाजूला कळस-दिघी, दुसऱ्या बाजूला धानोरी-टिंगरेनगर आणि जवळच लोहगावचा हवाई तळ यांच्यामध्ये वसलेला आहे; प्रवासी विमाने आणि हवाई दलाची लढाऊ विमाने एकाच धावपट्टीवरून उडतात, चौकातील वाहतूक रात्री उशिरापर्यंत थांबत नाही, आणि इथल्या मध्यमवर्गीय सदनिकांतील झोपण्याची खोली बहुधा दहा फूट बाय बारा फुटांची, काँक्रीटच्या चौकटीची, गुळगुळीत प्लास्टरची, गुळगुळीत फरशीची आणि अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीची असते. परदेशी परीक्षणांमधून ज्या साधनांची कीर्ती इथवर पोचते ती साधने लाकडी जमिनीच्या, गालिचे अंथरलेल्या, शांत उपनगरी घरांत तोलली गेलेली असतात, आणि ती कीर्ती विश्रांतवाडीच्या खोलीला जशीच्या तशी लागू पडत नाही.

खोलीचा हिशेब वॉलेस साबाइन या हार्वर्डच्या अध्यापकाने घालून दिला. १८९५ मध्ये विद्यापीठातील एका नव्या व्याख्यानगृहात बोललेले शब्द एकमेकांत मिसळून ऐकू येईनात, तेव्हा त्याने शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री आणून, त्यांची संख्या वाढवत, नाद विरायला किती वेळ लागतो हे मोजले. त्यातून निघालेले सूत्र साधे आहे: खोलीचे घनफळ घनमीटरमध्ये घेऊन ०.१६१ ने गुणायचे आणि खोलीतील एकूण ध्वनिशोषक क्षेत्रफळाने भागायचे, की नाद विरण्याचा काळ सेकंदांत मिळतो. दहा बाय बाराच्या, साधारण दहा फूट उंचीच्या खोलीचे घनफळ चौतीस घनमीटरच्या आसपास भरते. उघड्या भिंती आणि फरशी आपल्यावर आदळलेल्या ध्वनीपैकी जेमतेम तीन टक्के शोषतात असे धरले, तर रिकाम्या खोलीत नाद विरायला जवळजवळ तीन सेकंद लागतात. त्याच खोलीत कापसाची गादी घातलेला पलंग, घडी करून ठेवलेल्या दोन-तीन जाड गोधड्या, चुण्या पडतील इतके रुंद व वजनदार पडदे, सतरंजी आणि पुस्तकांनी भरलेले उघडे कपाट आले, की निदान मध्यम स्वरांपुरता हा काळ पाऊण सेकंदापर्यंत खाली येतो. लाख रुपयांच्या स्पीकरलाही रिकाम्या खोलीत हे साधत नाही. गोधडी मात्र बहुतेक घरांत आधीच असते, फक्त ती कपाटात बंद असते. 'अकूस्टिक फोम' म्हणून विकले जाणारे इंचभर जाडीचे तुकडे तारस्वरांची चमक तेवढी शोषून घेतात आणि खर्ज जसाच्या तसा घुमत ठेवतात, त्यामुळे खोली आधीपेक्षा जड आणि मंद वाटू लागते. खर्जाला जाडी लागते, आणि ती कोपऱ्यात उभ्या केलेल्या जाड गादीत अधिक असते.

खर्जाचा प्रश्न स्वतंत्रपणे पाहायला हवा, कारण या छंदातील सर्वांत महाग चुका तिथे घडतात. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या स्वराची अर्धी तरंगलांबी नेमकी मावते तो स्वर खोलीत थबकून घुमतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर बारा फुटांच्या लांबीत ही वारंवारता ४७ हर्ट्झ आणि दहा फुटांच्या रुंदीत ५६ हर्ट्झ येते. आता ऐकायचे काय आहे ते पाहावे. काळी एक ही पट्टी घेऊन गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्यातील खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर कंप पावते, आणि ख्यालगायनाच्या मैफलीत याखाली सुराला धरून असलेले फारसे काही नसते. याचा अर्थ असा की २० हर्ट्झपर्यंत उतरणारा सबवूफर, म्हणजे केवळ अतिखर्जासाठी असलेला वेगळा स्पीकर, या श्रोत्याच्या खोलीत मैफलीतला एकही स्वर वाढवत नाही. मायक्रोफोनला लागलेला धक्का आणि व्यासपीठावरची धडधड मात्र तो खोलीच्या घुमण्यात भर घालून ऐकवतो, आणि खालच्या मजल्यावरच्या कुटुंबालाही. साठ हर्ट्झपर्यंत प्रामाणिकपणे उतरणारे, कपाटावर मावतील असे दोन छोटे स्पीकर या संगीताला पुरे आहेत. आजचे चित्रपटसंगीत, विशेषतः ढोल-ताशांचा दणका किंवा इलेक्ट्रॉनिक ठेका ज्याला हवा आहे, त्याची गरज वेगळी आहे आणि त्याने सबवूफर अवश्य घ्यावा. दोघांनी एकच यादी हातात घेऊन बाजारात जाणे मात्र दोघांच्याही तोट्याचे आहे.

शक्तीचा, म्हणजे वॅटचा, हिशेब थोडक्यात आटोपतो. ज्या स्पीकरची संवेदनशीलता ८७ डेसिबल आहे, म्हणजे जो एका वॅटवर एक मीटर अंतरावर तेवढा आवाज देतो, त्याची जोडी दोन मीटर अंतरावरून ऐकली तर एका वॅटला सुमारे ८४ डेसिबल मिळतात, आणि हा आवाज घरातील संभाषणापेक्षा कितीतरी मोठा आहे. पन्नास वॅटऐवजी शंभर वॅट घेतल्याने केवळ तीन डेसिबलची भर पडते.

आता शांततेकडे यावे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी ठरवलेली आहे. उन्हाळ्यात छताचा पंखा चालू असलेल्या खोलीतील आवाजही साधारण याच घरात असतो. सीडीच्या १६ बिट मुद्रणात सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या ध्वनीमध्ये ९६ डेसिबलचे अंतर मावते, तर विश्रांतवाडीच्या खोलीत पार्श्वध्वनी आणि सुखकर आवाज यांमध्ये जेमतेम चाळीस डेसिबल उरतात. असे असताना २४ बिटांच्या 'हाय-रेझोल्यूशन' मुद्रणासाठी वेगळे शुल्क भरणे आणि त्यासाठी महागडा डॅक, म्हणजे अंकांचे विद्युत्-लहरींत रूपांतर करणारा उपकरण-डबा, घेणे हे खोलीच्या दृष्टीने निष्फळ ठरते. शांत जागी चांगल्या साधनांवर घेतलेल्या चाचणीतही चित्र वेगळे नव्हते: मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत उच्च दर्जाचे मुद्रण आणि त्याचे सीडीच्या दर्जाला उतरवलेले रूप यांतील फरक श्रोत्यांनी ५५४ पैकी २७६ वेळा बरोबर ओळखला, म्हणजे नाणे उडवून जितके ओळखता आले असते तितकाच. या छंदात बंद बांधणीचे किंवा कानात घट्ट बसणारे इअरफोन अनेकदा दुय्यम मानले जातात, आणि मागची जाळी उघडी असलेले 'ओपन-बॅक' हेडफोन श्रेष्ठ. शांत घरात ते योग्यच आहे, पण आळंदी रस्त्यालगतच्या खिडकीत उघड्या हेडफोनमधून रस्ताही तितकाच स्पष्ट ऐकू येतो, आणि तिथे कानात नीट बसलेली दहा रुपयांची रबरी टोपी हजारोंच्या अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा अधिक काम करते.

मुद्रणाचा विचार मराठी श्रोत्याला टाळताच येत नाही, कारण त्याच्या प्रेमाचा मोठा भाग जुन्या मुद्रणांवर जडलेला आहे. १९२५ पूर्वी गायक भोंग्यात गाई आणि त्या कंपनांनीच तबकडीवर रेघ उमटे. त्या पद्धतीत तारस्वरांचा वरचा भाग तबकडीपर्यंत पोचतच नसे. आकाशवाणीचे पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले आणि १९५५-५६ मध्ये तिथून माडगूळकर-फडक्यांचे गीतरामायण आठवड्यामागून आठवडे प्रसारित झाले, तेव्हा मध्यम लहरींवरून घराघरांत पोचणारा ध्वनी पाच हजार हर्ट्झच्या आसपास संपत असे, आणि तेवढ्यात शब्द, सूर आणि भाव हे सगळे पुरते मावले. पुढे अलूरकर म्युझिक हाऊसच्या कॅसेटमधून शास्त्रीय गायन घरोघर गेले, तेव्हाही फितीची सळसळ सोबत होतीच. ही मुद्रणे ज्याला जवळची आहेत त्याने तारस्वरांना धार देणारे साधन घेतले तर त्याला गायक अधिक ऐकू येत नाही, खरखर अधिक ऐकू येते. त्याला मध्यम स्वरांत स्थिर आणि वरच्या टोकाला सौम्य असे साधन हवे, आणि तसे साधन सहसा स्वस्त असते. एखाद्या जुन्या गाण्याची स्वच्छ प्रत शोधणे, एकाच मैफलीच्या मूळ फितीवरून वा तबकडीवरून केलेल्या दोन निरनिराळ्या प्रती ताडून पाहणे, या कामाला तास लागतात, पण त्यातून मिळणारा ध्वनीचा फरक कोणत्याही केबलच्या फरकापेक्षा मोठा असतो.

यावर असा आक्षेप येतो, आणि तो खरा आहे, की माणूस साधनात फक्त ध्वनी शोधत नाही. घडण, लाकडाचा स्पर्श, बटणाचा जडपणा यांचाही आनंद असतो. त्या आनंदासाठी मोजलेला पैसा वाया गेला असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. मात्र तो आनंद ध्वनीच्या खात्यात मांडला की हिशेब बिघडतो. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले की तेच स्पीकर डोळ्यांसमोर असताना श्रोत्यांनी दिलेले गुण आणि पडद्याआड असताना दिलेले गुण वेगळे येतात, आणि अनुभवी श्रोतेही याला अपवाद नसतात. दुकानात तुलना करताना जे साधन अर्ध्या-एक डेसिबलने मोठे वाजते तेच अधिक 'खुले' वाटते, म्हणून दोन्हींचा आवाज मोजून सारखा करावा आणि मगच निवड करावी. फोनवरच्या ध्वनिमापकाने हे काम जुजबी का होईना पण होते.

टिकाऊपणाचा हिशेब तर क्वचितच मांडला जातो. बिनतारी इअरबडमधील चिमुकली बॅटरी चिकटवून बंद केलेली असते आणि रोजच्या वापरात दोन-तीन वर्षांत तिची धारणा ओसरते, म्हणजे चार हजारांचा जोड हा प्रत्यक्षात दर वर्षी तेराशे ते दोन हजारांचा खर्च ठरतो. याउलट १९८४ पासून बनत असलेला कॉसचा पोर्टा प्रो किंवा १९९७ मध्ये आलेला सेनहायझरचा एचडी ६०० यांचे कानावरचे पॅड बदलता येतात, आणि वेगळी काढता येणारी वायर असलेल्या इअरफोनचा प्राण बहुधा वायरीतच जातो, ती काही शे रुपयांत नवी मिळते. साध्या स्पीकरच्या शंकूभोवतीची फोमची कड दहा-पंधरा वर्षांत झडते, रबराची कड त्याहून पुष्कळ टिकते. जुना जोड घेताना ती बोटाने हलकेच दाबून पाहावी. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत सुटे भाग मिळतात, आणि जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमधील सुकलेले कॅपेसिटर बदलून देणारा कारागीर शहरात अजून सापडतो. अशा कारागिराचा पत्ता ही या छंदातील मोठी मालमत्ता आहे, आणि ती टिकवायची तर त्याच्याकडे काम नेत राहणे हाच मार्ग आहे.

साखळीतील शेवटचा दुवा कान. सेनहायझरचा ग्राहकोपयोगी हेडफोनचा व्यवसाय २०२२ मध्ये श्रवणयंत्रे बनवणाऱ्या सोनोव्हा या स्विस कंपनीकडे गेला, आणि ऐकण्याचा धंदा नि ऐकू न येण्याचा धंदा किती शेजारी आहेत हे त्यातून दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसाने ८० डेसिबलवर आठवड्याला चाळीस तासांहून अधिक ऐकू नये, आणि दर तीन डेसिबलांच्या वाढीला ही मुदत निम्मी होते. ८९ डेसिबलला ती पाच तासांवर येते. विश्रांतवाडीहून स्टेशनकडे जाणाऱ्या बसमध्ये सैल बसणाऱ्या इअरफोनने गाणे ऐकणारा तरुण इंजिनाच्या आणि हॉर्नच्या आवाजावर मात करायला नकळत तिथवर पोचतो, म्हणून बाहेरचा आवाज अडवणाऱ्या इअरफोनची किंमत ध्वनीच्या सुखाइतकीच संरक्षणाच्या दृष्टीनेही वसूल होते. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे होणाऱ्या साध्या श्रवणतपासणीत २५० पासून ८,००० हर्ट्झपर्यंतच्या स्वरांना दोन्ही कान किती प्रतिसाद देतात याचा आलेख मिळतो, आणि हेडफोनच्या आलेखावर तासन् तास चर्चा करणाऱ्यांनी हा दुसरा आलेखही एकदा काढून घ्यावा. मोठ्या आवाजाने झालेली इजा त्यात सहसा प्रथम ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या खड्ड्याच्या रूपाने दिसते, आणि तानपुऱ्याच्या जवारीची झळाळी व गाण्याच्या शब्दांतील 'स' आणि 'श' यांची धार याच पट्ट्यात आणि त्याच्या वर असते.